औषधात धुतलेली मायमाती

जंबेरीचं रोप दिसायला अगदी गरीब. लिंबाच्या जातीचं, काटेरी, फळ खायच्या कामाचं नाही. पण आमच्याकडचं संत्र्याचं झाड उभं राहतं ते याच्याच मुळांवर. जंबेरीचं बी वाफ्यात पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या खोडात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून घट्ट बांधायचं. अशी रोपं जिथे वाढवतात त्या जागेला पन्हेरी म्हणतात. दिग्रसच्या अलीकडे, नाल्याकाठच्या आमच्या शेतात, विहिरीला लागून अशी एक पन्हेरी होती. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि पन्हेरी सांभाळणारी बाईही तिच्यासोबतच आली.

त्या बाईबद्दल सांगण्याआधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढे कोणी मला चांगला समजायला नको. मी संशयी माणूस. कोणी जास्त गोड बोललं की मी दाराची कडी बघायचो, आणि कोणी बोललं नाही तर हा काय लपवतोय म्हणून बघायचो. बियाण्याची फळं आणली तर चार फोडून आतलं बी बघितल्याशिवाय टोपली घरात घेत नसे. बायको म्हणायची, तुम्ही देवाला नमस्कार करतानासुद्धा एक डोळा उघडा ठेवता. ती थट्टेने म्हणायची, पण ते खरं होतं.

बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. तिचा नवरा आमच्या विहिरीवर मोट हाकायचा आणि ती पन्हेरी बघायची. डोळा बांधण्यात तिचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. वडील तिला नावाने हाक मारायचे, मी बाई म्हणायचो, ती मला भाऊ म्हणायची.

आमच्या पन्हेरीत एक जुनी रीत होती. नवा वाफा तयार झाला की बागेतल्या सगळ्यात जुन्या संत्र्याच्या बुडातून पाच मुठी माती आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि ती माती नव्या वाफ्यात कालवायची. तिला मायमाती म्हणायचे. माती बाईने आणायची, पूजा आमच्या घरच्यांनी करायची, आणि पूजा चालू असेपर्यंत बाईने लांब बांधावर उभं राहायचं. असंच का, हे कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

छप्पनच्या दसऱ्याला तिचा नवरा आणि त्यांच्या वस्तीतले पुष्कळ लोक नागपूरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत घालून नाल्यात सोडले, गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावाला ते झोंबलं. मलाही झोंबलं, खोटं कशाला सांगू? त्यानंतरच्या पहिल्या वाफ्याला बाई माती घेऊन आली, माझ्या आईसमोर ठेवली आणि बांधावर न थांबता सरळ कामाला निघून गेली. "आमी आता पूजेबिजेत नाई," एवढंच बोलली. देव सोडले, पण माती आणायची सोडली नाही, हे मला खटकलं. त्यात काहीतरी काळंबेरं असणार असं मी मनाशी धरून ठेवलं.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. पन्हेरीत रोपं कोलमडायचा रोग आला. बोटभर उंचीचं रोप मातीलगत काळं पडायचं आणि आडवं व्हायचं. दोन वर्षं अर्धेअधिक वाफे रिकामे झाले. दिग्रसच्या बाजारात खतं आणि औषधं विकणारं एक नवं दुकान निघालं होतं. तिथल्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "रोग मातीत आहे. बुरशी आहे ती. मातीच औषधाने धुऊन काढा, एक जंतू शिल्लक राहायला नको." मी आजवर कोणावर विश्वास ठेवला नव्हता, त्याच्यावर मात्र ठेवला. त्याचं कारण मला आता कळतं. प्रत्येक ढेकळात कोणीतरी दबा धरून बसलंय असं सांगणारा माणूस मला आपल्यातला वाटला.

औषध पाण्यासारखं होतं, पण बाटलीचं बूच काढलं की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. पाण्यात मिसळून झारीने वाफ्यावर ओतलं, वर ओली पोती झाकली. काही दिवसांनी पोती काढली तेव्हा गांडुळं वर येऊन मरून पडली होती. मला समाधान वाटलं. गांडुळं मेली म्हणजे बाकीचेही मेले असणार.

वास जाईपर्यंत माती उकरून वाळवली. मग आईने मायमातीची आठवण केली. रीत मोडायची माझी छाती नव्हती, आणि जुन्या झाडाखालची रोगट माती धुतलेल्या वाफ्यात टाकायचीही तयारी नव्हती. मी मध्यममार्ग काढला. बाईने आणलेल्या पाच मुठी मी घमेल्यात घेतल्या, त्यावर ते औषध ओतलं, झाकून ठेवल्या, वाळवल्या आणि मग हळदकुंकू वाहून, नारळ फोडून वाफ्यात टाकल्या. रीतही पाळली आणि जंतूही मारले. मी स्वतःवर खूश होतो.

बाई बघत होती. म्हणाली, "भाऊ, मायमाती काहून धुतली?"

"जंतू असतात तिच्यात."

"असतेत तं. त्याच्याचसाठी तं आनतो."

मी हसलो. माघाच्या अखेरीस बी पेरलं.

रोपं उगवली ती अशी, की रस्त्याने जाणारे बैलगाडी थांबवून बघायला यायचे. एक रोप कोलमडलं नाही. मी मिशीला पीळ देत फिरायचो, जो भेटेल त्याला औषधाचं नाव सांगायचो. बाईलाही दोनदा ऐकवलं. ती "हव" म्हणाली आणि पाणी द्यायला गेली.

मग रोपं थांबली. चार पानांवर थांबली म्हणजे थांबलीच. चैत्र गेला, वैशाख गेला. मरत नव्हती, वाढत नव्हती. पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. खत घातलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं. काही फरक नाही. पावसाळा लागला, बांधावरचं गवत गुडघ्याला आलं, तण हातभर वाढलं आणि माझी रोपं वीतभरसुद्धा नाहीत. मला झोप लागेना. आधी बी विकणाऱ्यावर संशय घेतला. मग विहिरीवर, कोणी त्यात काही टाकलं का म्हणून. मग शेजारच्या शेतकऱ्यावर, कारण त्याने एकदा माझी रोपं बघून "छान हायेत" म्हटलं होतं. मग दुकानदाराच्या औषधावरही संशय आला, पण औषध मी माझ्या हाताने ओतलं होतं, त्यामुळे तो संशय मी फार वेळ जवळ ठेवला नाही.

आणि मग एका सकाळी मला ते दिसलं. पाटाच्या टोकाच्या वाफ्यात ताटलीएवढ्या जागेतली रोपं हिरवीगार होती. आठ दिवसांनी तशी तीन ठिकाणं दिसली. अगदी गोल. मधली रोपं उंच, कडेची जरा कमी, आणि गोलाबाहेर पुन्हा तीच पिवळी पोरकी रोपं. असं आपोआप होत नाही. कोणाचा तरी हात असणार, आणि पन्हेरीत हात एकच फिरत होता.

तिने माझं खत चोरून तिथे ओतलं का? पण खताचं पोतं मी शिवून ठेवलं होतं. की तिने बाकीच्या रोपांना काही करून ठेवलंय आणि तेवढी सोडलीत? हा विचार आला आणि बसला तो उठेना.

आषाढ सरत आला होता. पलीकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, सात-आठ बाया निंदत होत्या. मी ज्वारीच्या पिकात उकिडवा बसून पन्हेरीवर नजर ठेवली. दुपारी भाकरीची वेळ झाली, बाया बांधावर येऊन बसल्या. बाई एकटी वाफ्याशी आली, गुडघे टेकले, पदराच्या टोकाची गाठ सोडली. त्यात माती होती. बोटाने रोपाच्या बुडाशी भोक पाडायची, चिमूटभर माती आत सोडायची, अंगठ्याने दाबायची. एक रोप, दुसरं रोप. ओठ हलत होते. ती रोपं मोजत होती, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

मी ज्वारीतून बाहेर आलो. "काय करून राह्यली?"

ती दचकली नाही. "इरजन लावून राह्यली, भाऊ." इरजन म्हणजे दुधाला लावायचं विरजण. "तुमची माती उकळल्या दुधावानी झाली. त्यात काईच नाई. जुन्या झाडाखालची चिमूटभर लावली तं धरते."

तिने पूर्ण सांगितलं होतं. मी काहीच ऐकलं नाही. पदरात बांधलेली माती, हलणारे ओठ, गोल जागा, एवढंच मला दिसत होतं.

"देव सोडले अन् करणी धरली काय?" मी ओरडलो. "करणीवाली! माझी पन्हेरी खाल्ली तू!"

बांधावरच्या बायांचे घास हातात राहिले. बाई उठली. पदर झटकला, खुरपं वाफ्यावर ठेवलं आणि निघाली. विहिरीपाशी थांबून नवऱ्याला काहीतरी बोलली. त्याने बैल सोडले, झाडाला बांधले, आणि दोघं गेले.

हा शब्द आमच्या भागात काय करतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एखाद्या बाईला चोर म्हटलं तर ती भांडून मोकळी होते. करणीवाली म्हटल्यावर भांडायला समोर कोणी उभंच राहत नाही. तिसऱ्या दिवशी गावात तिला निंदायला बोलावणं बंद झालं. बाया तिच्यापासून लेकरं लपवू लागल्या. ती पहाटे उठून तीन कोसांवरच्या गावी कामाला जायला लागली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. हे मला बायकोने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी मात्र त्या गोलांवर पाळत ठेवली. बाई गेल्यावर ते सुकायला हवे होते, माझ्या हिशेबाने. ते पसरत होते. दर आठवड्याला बोट-दोन बोटं पलीकडचं रोप हिरवं व्हायचं. निगा राखणारं कोणी नाही, माती घालणारं कोणी नाही, आणि हिरवेपणा आपला आपण चालत होता.

एक हिरवं आणि एक पिवळं रोप मुळासकट उपटलं. पिवळ्याच्या मुळांवरून माती सुळकन निसटली, मुळं धुतल्यासारखी स्वच्छ. हिरव्याच्या मुळांना माती बिलगून होती, सोडता सुटेना. दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून मी यवतमाळची एसटी धरली. तिथे ओळखीच्या ओळखीने एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक मास्तर भेटले. त्यांनी मुळांचे तुकडे कशात तरी उकळले, रंगवले आणि मला यंत्रातून बघायला लावलं. पिवळ्याचं मूळ कोरं. हिरव्याच्या मुळात निळे धागे शिरले होते, आत जाऊन झाडासारखे फुटले होते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"बुरशी."

"बुरशी मारायलाच तर मी औषध आणलं होतं!"

"ती वेगळी, ही वेगळी. काही बुरश्या मुळात राहतात आणि बाहेरच्या मातीतलं अन्न झाडाला आणून देतात, असं पुस्तकात वाचलंय. तुमच्या औषधाने मारणारीही मेली आणि भरवणारीही मेली असेल. पण संत्र्याच्या बाबतीत मी खात्रीने नाही सांगू शकत."

खात्रीने सांगू शकत नाही म्हणाले, म्हणून मला ते थोडे खरे वाटले. पण थोडेच. घरी येऊन मी स्वतः बघायचं ठरवलं. एका ओळीतल्या रोपांना जुन्या झाडाची माती जशीच्या तशी घातली, दुसऱ्या ओळीला तीच माती औषधात धुऊन, वाळवून घातली. हळदकुंकू कुठेच नाही. दीड महिना लागला. भाद्रपद संपता संपता पहिली ओळ हिरवी झाली. दुसरी होती तशीच राहिली.

त्या दीड महिन्याची मला आजही लाज वाटते. शब्द काढायला मला पुरावा लागला नव्हता. परत घ्यायला मी दोन ओळी रोपं लावून वाट बघत बसलो, आणि ती रोज तीन कोस चालत होती.

मी वस्तीत गेलो. बाई अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्याउभ्या म्हणालो, चूक झाली, माफ कर.

तिने सूप खाली ठेवलं. "इथं कायले सांगता? इथं कोनी मले तसं म्हनत नाई. जिथं बोलले तिथं बोला."

दसऱ्यानंतर बाया शेतात आल्या, तीच भाकरीची वेळ. बाई आली आणि जरा दूर उभी राहिली. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की मी खोटं बोललो, करणी वगैरे काही नाही, हिने घातलेल्या मातीनेच रोपं सुधारली, बघा, ही हिरवी ओळ.

बाया ओळ बघून आल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर म्हणाली, "म्हंजे हिच्या हातानं खरंच होते तं?"

"हाताने नाही. मातीत असतं काहीतरी. बारीक धागे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मुळात शिरतात."

म्हातारीने बाकीच्यांकडे बघितलं. "आमीबी तेच म्हनतो," ती म्हणाली.

मी जेवढं समजावत होतो तेवढा तो शब्द बाईला घट्ट चिकटत होता. रोपं मेली असती तर निदान म्हणता आलं असतं की हिला काही येत नाही. आता हिरव्या ओळीनेच साक्ष दिली होती. मी आणखी बोलायला तोंड उघडलं तर बाई म्हणाली, "भाऊ, तुमी चूप राहा."

ती जुन्या झाडाखाली गेली, घमेलं भरून माती आणली आणि बायांच्या मधोमध ठेवलं. "चिमूट घ्या. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लावा. मी हात लावत नाई. रोप धरून ठेवा आपलं आपलं. हिरवं झालं, तं तुमीबी करनीवाल्या."

कोणी हलेना. मग एक लेकुरवाळी हसली, म्हणाली, "पाहू तं खरं," आणि चिमूट घेतली. तिच्यामागे दुसरी उठली. म्हातारी सगळ्यात शेवटी उठली, पदर खोचून, नाक मुरडत. प्रत्येकीने आपल्या रोपाशी काडी खोचली, कोणी काडीला चिंधी बांधली.

थंडीमुळे वेळ लागला. दिवाळी झाली, कापसाची वेचणी लागली. बाया वेचायला यायच्या आणि आधी पन्हेरीत डोकावून यायच्या. एके दिवशी तिकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. म्हातारी कमरेवर हात ठेवून आपल्या रोपासमोर उभी होती आणि बाकीच्या तिला चिडवत होत्या, "पाहा वो, बुढी करनीवाली!" त्यानंतर आठवड्याभरात गावातून बाईला वेचणीचं बोलावणं आलं. शेजारच्या शेतकऱ्याने तर तिला आपली नवी पन्हेरी लावून द्यायला सांगितलं.

मी तिला परत यायला सांगायला गेलो. ती शेजाऱ्याच्या वाफ्याशी बसली होती, शेजारी मातीचं घमेलं. मी म्हणालो, तुझी जागा तुझीच आहे, नवऱ्यालाही घेऊन ये, मोट तशीच पडली आहे.

तिने हात थांबवले नाहीत. माती दाबता दाबता विचारलं, "एक सांगा, भाऊ. रोपं हिरवी झाली नसती, तं तुमी वस्तीत आले असते काय?"

"आलो असतो," मी म्हणालो.

"नसते आले," ती म्हणाली, आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

मी बांधावरून परत फिरलो. तिचं खरं होतं.